कन्हेरीच्या बुंध्याशी

“ही फौजदारबाय मुकी हाय काय गो?”

गडग्यापलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी कन्हेरीच्या झाडाखाली उकिडवी बसून पंचनाम्यासाठी माती उकरत होते. जांभ्या दगडांच्या त्या गडग्यावर कोपरं टेकून शेजारच्या दोन बायका आमच्याकडे बघत उभ्या होत्या.

“मुकी कशाला असंल?” दुसरी म्हणाली. “विंग्रजी शाळेतली हाय म्हणे. आपलं बोलणंच तिला कळत नसंल.”

कळत होतं. सगळं कळत होतं. मी मान वर केली नाही इतकंच. माझ्याबरोबरचे हवालदार बाटलीला लाख लावता लावता हळूच म्हणाले, “बाई, माती भरा. कोकणात विषानं माणसं कमी मरतात, जिभेनं जास्त.”

नोकरीतली कितीतरी प्रकरणं फायलींबरोबर दप्तरात गेली आणि मनातूनही गेली. कन्हेरीचं हे प्रकरण मात्र कालच घडल्यासारखं डोळ्यांसमोर उभं राहतं. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी नुकतीच उपनिरीक्षक होऊन रत्नागिरीला रुजू झाले होते. जिल्ह्यात बाई फौजदार ही बघायला गर्दी व्हावी अशी गोष्ट होती. त्यात मी मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी लिहायला-वाचायला चांगलं यायचं, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घसा कोरडा पडायचा. साहेबांना काही सांगायचं असलं तर मी चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवायची. आमचे निरीक्षक ती वाचून सगळ्यांसमोर विचारायचे, “बाई, तोंड गहाण टाकलंय का?” सगळे हसायचे. मीही हसायची.

प्रकरण असं होतं. शहरापासून काही मैलांवरच्या एका गावात एक म्हातारी सुनेबरोबर राहत होती. मुलगा मुंबईत कामाला. म्हातारीला हृदयाचा आजार होता. मधूनच तिचं काळीज सुटल्यासारखं पळायचं, तेही ताल सोडून. मुंबईच्या डॉक्टरांनी तिला व्हेरापामिल नावाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. मुलगा गावी येणाऱ्यांच्या हाती त्या पाठवायचा. गोळ्यांनी नाडी ताळ्यावर आली होती आणि बरेच महिने म्हातारी ठणठणीत होती. मग भातकापणीच्या दिवसांत ती अचानक कोसळली. उलट्या, गुंगी, बरळणं, आणि नाडी अशी की इस्पितळातल्या सिस्टरला मोजता येईना.

दुसऱ्याच दिवशी म्हातारीची लेक पोलीस ठाण्यात आली. खाडीकाठच्या गावात दिलेली, धिप्पाड, खणखणीत आवाजाची बाई. कापणी सुरू झाल्यावर आईची देखभाल करायला ती माहेरी येऊन राहिली होती, कारण सून दिवसभर शेतात असायची. ठाणे अंमलदारासमोर ती बसलीसुद्धा नाही.

“माज्या आवशीला भावजयीनं विष घातलंय. कन्हेरीचं मूळ. लिवून घ्या.”

“कशावरून?”

“शेजारणीनं डोळ्यांनी बघितलंय. मी यायच्या आदी रोज सकाळी वयनी पदराआड भांडं घेऊन कन्हेरीपाशी जायची. कोणी नाय असं बघायची नि मग जायची. चांगल्या कामाला कोण लपून जातं?”

कन्हेर विषारी, हे कोकणात पोरालाही ठाऊक. कन्हेरीनं काळीज बिघडतं, हेही ठाऊक. फिर्याद नोंदवली गेली. भारतीय दंड विधान, कलम तीनशे अठ्ठावीस. म्हणून मी त्या बुंध्याशी माती उकरत बसले होते. मूळ कुठंही खणल्याची, तोडल्याची खूण नव्हती. फक्त मातीवर एक पांढरा पापुद्रा धरलेला दिसला. पंच म्हणाले, झाडांना चुना लावतातच, त्यातलाच ओघळला असेल. आजूबाजूच्या माडांना, फणसाला कशालाच चुना लावलेला नव्हता. मी हे बोलले नाही. पण पापुद्रा वेगळा काढून दुसऱ्या बाटलीत भरला. नमुने रासायनिक तपासणीला जायचे आणि अहवाल यायला महिने लागायचे. साहेबांना तेवढा धीर नव्हता. त्यांना संध्याकाळपर्यंत कबुली हवी होती.

सून ठाण्यात आणली गेली तेव्हा तिच्या हातावर भाताच्या काडांचे ओरखडे होते. तिशीची, हडकुळी. सुनेच्या बाजूनं बोलायला कोणीच नव्हतं. नवरा मुंबईत, माहेर लांब. अटक झाली असती तर सुटून आल्यावरही त्या घराचं दार तिला उघडलं नसतं, हे तिला कळत होतं आणि मलाही.

साहेबांनी प्रश्नांची सरबत्ती केली. “भांड्यात काय होतं? कोणी शिकवलं? सासू जड झाली होती काय?” ती खाली बघत राहिली. एकदाच म्हणाली, “मी गोळी कदी चुकवली नाय. सकाळची नाय, सांजची नाय.”

“गोळीचं नाही विचारत. भांड्याचं विचारतोय!”

ती हातावरचे ओरखडे चोळत राहिली. साहेब वैतागून उठले. जाताना मला म्हणाले, “बसा तुम्ही दोघी. दोन मुक्या एकमेकींना काय सांगतात बघू.”

ते रागानं बोलले, पण माझं काम करून गेले. मी काहीच विचारलं नाही. चहा मागवला. तिनं कप हातात धरला, प्यायली नाही. बाहेर कोणीतरी सायकल स्टँडला लावली, हवालदारांनी तंबाखू मळली, भिंतीवरची पाल चुकचुकली. ओरडणाऱ्यापुढे माणूस दार लावून घेतो, पण समोरचा गप्प बसला की कधीतरी स्वतःच कडी काढतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“बाय, तुमी तरी कायतरी इचारा,” ती शेवटी म्हणाली.

मी खुर्ची जरा जवळ ओढली.

“मीच केलंय,” ती एकदम म्हणाली आणि कप टेबलावर ठेवताना चहा सांडला. “आयेला माज्यामुळं झालं. पण विष नाय घातलं. देवाशपथ नाय घातलं. वन्सं औषद ठेवून जायच्या. मी दिलंच नाय. कन्हेरीत वतून टाकलंव.”

भांड्यातून काही आणलं जात नव्हतं. ओतलं जात होतं!

“कसलं औषध?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“हाडाचं. आये वन्संकडं ऱ्हायला गेलेली ना, तवा पडली, मनगट मोडलं. तिकडं वन्सं तिला हे पाजायच्या. हिकडं आल्यावर मला सांगून गेल्या, रोज सकाळी पेजेतनं द्यायचं. पण आयेला ते नको असायचं. तोंड भाजतं म्हणायची. जिभेला फोड आले. म्हणायची, वत गो बाय, पण माज्या लेकीला सांगू नको, तिला वाईट वाटंल. मग मी वतायची. आता आये अशी पडली. औषद दिलं असतं तर पडली नसती. म्हणून मी गप बसले.”

कबुली होती. साहेबांना हवी तशी कबुली. “आजारी सासूचं औषध मुद्दाम ओतून टाकलं.” एवढं एक वाक्य जबाबात आलं असतं तरी अटकेला पुरलं असतं. मी जबाब घेतला, पण साहेबांच्या टेबलावर ठेवला नाही. हवालदारांना म्हटलं, “फिर्यादीचा पुरवणी जबाब घ्यायचाय. इस्पितळात चला.”

ते डोळे बारीक करून म्हणाले, “बाई, आज तुमी दोन वाक्यं बोललात. पाऊस पडंल.”

सुनेला म्हातारीजवळ जायची बंदी होती. वॉर्डच्या दाराशी आमचा शिपाई बसवला होता. दिवस-रात्र आईजवळ लेकच होती. आम्ही पोचलो तेव्हा ती डब्यातली पेज चमच्यानं ढवळत होती. म्हातारीच्या उशाशी पाण्याचा तांब्या होता. मी उभी असताना म्हातारीनं तो संपवला आणि पुन्हा मागितला. सिस्टर कुरकुरली, “किती पिणार आजी? आत्ताच भरला होता.”

तेव्हाच माझं लक्ष डब्याकडं गेलं. पेज ढवळली तरी चमच्याला पांढरी कड चिकटत होती. कन्हेरीखाली मी खरवडून घेतला होता तोच पांढरा रंग, तोच पापुद्रा.

“हे काय?” मी बोटानं दाखवून विचारलं.

लेकीचा चेहरा उजळला. आपल्या घरची चांगली गोष्ट कोणी विचारली की माणसाचा उजळतो तसा. “चुना! आमच्या भट्टीचा. कालवांच्या शिंपल्या भाजून करतो आमी, तुमच्या पानपट्टीवाल्याचा नव्हे. आमच्याकडं बाळंतिणीला देतात, हाड मोडलेल्याला देतात. माजा सासरा याच्यावर म्हातारपणी होडी वढायचा.”

“पण निवळी देतात ना? वरचं पाणी?”

“ते पोरांना. आवशीचं हाड मोडलंय. तिला गाळासकट लागतं. ताकद खाली बसते, बाय, म्हणून ढवळून द्यायचं. माहेरी आल्यापासनं मीच माज्या हातानं पाजते.” मग तिनं आवाज उतरवला. “आणि हाडाची इंजेक्शनंबी दिली. आमच्याकडच्या डॉक्टरानं थोडीच सांगितलेली. मी हट्टानं जास्त देवविली. आवस एकच असते.”

मी जवळजवळ धावतच डॉक्टरांच्या खोलीकडं गेले. ते तरुण होते, मुंबईत शिकून आलेले. त्यांच्याशी मी इंग्रजीत बोलू शकत होते. त्या भाषेत माझा घसा कधी कोरडा पडत नसे, याची मला लाजही वाटायची.

ते स्वतःच गोंधळलेले होते. “कन्हेरीचं विष मला पटत नाही,” ते म्हणाले. “त्यानं बहुतेकदा नाडी मंदावते. खात्रीनं मात्र सांगणार नाही. मला छळतंय ते वेगळंच. समजा, सुनेनं घरी गोळ्या बदलल्या. पण इथं मी माझ्या हातानं देतोय. तीच गोळी, तेवढीच मात्रा. जी गोळी कित्येक महिने लागू पडत होती, ती आता पाण्यासारखी झाली आहे.”

“ही गोळी करते काय?” मी विचारलं.

त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि दार काढलं. खरंच, पोरं काढतात तसं एक दार. “हृदयाच्या पेशींना अशी दारं असतात. त्यांतून कॅल्शियम आत शिरतं, तेव्हा ठोक्याचा इशारा पुढं जातो. हिच्या हृदयात भलतेसलते इशारे फार जोरात सुटतात. ही गोळी दार ओढून धरते. कॅल्शियम कमी शिरतं, इशारे कमी पुढं जातात, नाडी शांत होते.”

“आणि दाराबाहेर कॅल्शियमची झुंबड उडाली तर?”

पेन कागदावर तसंच थांबलं. मला अजून ते पेन दिसतं.

“म्हणजे?”

मी सांगितलं. चुना, गाळासकट. हाडांची इंजेक्शनं. पाण्याचा तांब्या. मी सांगत गेले तसे ते खुर्चीतून उठतच गेले. “ड जीवनसत्त्व!” ते ओरडलेच. “त्या इंजेक्शनानं आतडं कॅल्शियम ओढून घेतं. आणि वरून चुना! तहान, उलट्या, बरळणं, सगळं त्याचंच! रक्तात कॅल्शियम इतकं वाढलं असेल तर माझी गोळी दार धरूच शकणार नाही. मला तहान कोणी सांगितलीच नाही!”

त्या वेळी त्या इस्पितळात रक्तातलं कॅल्शियम मोजायची सोय नव्हती. नमुना कोल्हापूरला धाडावा लागणार होता. हवालदार मिरकरवाड्याच्या बंदरावर गेले आणि मासळीचा बर्फ थर्मासात भरून घेऊन आले. त्यात ती छोटी बाटली ठेवून आमचा एक शिपाई पहिल्या एस.टी.नं रवाना झाला. तिकडच्या प्रयोगशाळेत थर्मास उघडल्यावर त्याला विचारलं म्हणे, “रक्त आणलंय की बांगडे?”

डॉक्टरांनी अहवालाची वाट बघितली नाही. त्यांनी लगेच सलाइन लावलं, कॅल्शियम लघवीवाटे निघून जावं म्हणून औषध दिलं आणि घरचं काहीही द्यायचं नाही असा हुकूम सोडला. वॉर्डात एकच गदारोळ झाला.

“माज्या आवशीची पेज बंद करणारे तुमी कोण?” लेक डबा छातीशी धरून उभी राहिली. “विष घालणारी मोकळी नि मी उपाशी मारू काय हिला?”

“बाय, ओरडू नको,” म्हातारी गुंगीतच पुटपुटली. लेकीनं डबा खाली ठेवला.

पुढचे दोन दिवस मी जेवले की नाही आठवत नाही. सकाळी इस्पितळ, दुपारी ठाणं, संध्याकाळी परत इस्पितळ. साहेब रोज विचारायचे, “जबाब कुठाय?” मी चिठ्ठी ठेवायची: “डॉक्टरांचं मत बाकी आहे.” सून ठाण्याच्या पडवीत हजेरीला यायची आणि कापणी राहिली म्हणून हळूच रडायची. तिला काही सांगावं असं फार वाटायचं, पण पुरावा हातात येण्याआधी आशा देणं मला क्रूरपणाचं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात शिरले तेव्हा डॉक्टर म्हातारीचं मनगट धरून हसत होते. “या, हात लावा!” ते म्हणाले. मी बोटं ठेवली. आदल्या दिवशी फुटलेल्या पिशवीतून घरंगळणाऱ्या सुपाऱ्यांसारखी लागणारी ती नाडी आता पुष्कळ सावकाश चालत होती. अधूनमधून अडखळत होती, पण पळत नव्हती. “तीच गोळी,” डॉक्टर म्हणाले. “तेवढीच मात्रा. चुना थांबला आणि गोळी परत कामाला लागली!” दुपारी कोल्हापूरहून फोन आला. रक्तातलं कॅल्शियम हद्दीबाहेर होतं. मी इस्पितळाच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरले. साडी नेसलेल्या फौजदारणीनं असं करायचं नसतं.

या एका प्रकरणानं मला पुढच्या सगळ्या नोकरीला पुरेल असं काही शिकवलं. पोलिसाचं लक्ष लपणाऱ्या माणसावर जातं. ते बरोबरही असतं, पण लपणं हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. आपल्याकडची माणसं लाजेनं लपवतात, भिडेनं लपवतात, दुसऱ्याचं मन राखायला लपवतात. आणि जे उघड, अभिमानानं, चारचौघांसमोर चमच्यानं ढवळून दिलं जातं, त्याच्याकडं कोणी बघतही नाही. आणखी एक. संशय कोणावर घ्यायचा हे बऱ्याचदा घरातच आधी ठरलेलं असतं. सून ही त्या यादीत नेहमी पहिली असते. पुढं मी कितीतरी घरांत चौकशीला गेले. प्रत्येक वेळी आधी मनात म्हणायची, लपवणारीला विचारू, पण मिरवणारीलाही विचारू.

मी ठाण्यात पोचले तेव्हा साहेबांची खोली भरली होती. सून भिंतीशी उभी होती. लेक आणि ती गडग्यावरची शेजारीण बाकावर बसल्या होत्या. माझ्या टेबलाच्या खणातला जबाब साहेबांच्या हातात होता.

“बाई, कबुली खणात ठेवून बसलात?” ते कडाडले. “सासूचं औषध ओतून टाकलं, हिनं स्वतः सांगितलंय. हिला लांब ठेवली आणि म्हातारी सुधारली. आणखी काय पाहिजे? हवालदार, अटकेचा पंचनामा करा.”

“बघा!” लेक उठली. “माज्या आवशीचं औषद वतलंन! मी भट्टीवरनं डोईवर आणायची नि ही झाडाला घालायची!”

सुनेनं डोळे मिटून घेतले. हवालदार माझ्याकडे बघत होते. साहेबांनी माझ्यापुढं हात केला. “द्या, चिठ्ठी द्या. काय लिहिलंय या वेळी?”

माझ्याजवळ चिठ्ठी नव्हती. लेकीकडं बघितलं. तिनं आणलेला डबा अजून तिच्या मांडीशी होता, धुऊन पुसून लखलखीत. ती दुष्ट असती तर मला सोपं गेलं असतं.

“ही काय बोलणार,” शेजारीण पदराआड पुटपुटली.

घसा कोरडाच होता. तसाच राहिला. पण आवाज निघाला, आणि तो पडवीपर्यंत गेला असं हवालदार पुढं वर्षानुवर्षं सांगायचे.

“साहेब, विष कोणीच घातलेलं नाही. चुन्यानं आजींचं कॅल्शियम वाढलं आणि हृदयाची गोळी लागू पडेना. डॉक्टर लिहून देतायत. ताई, तुम्ही मायेनं दिलंत, त्यानं असं होईल हे तुम्हाला माहीत नव्हतं. पण हिला घरी जाऊ दे, साहेब. हिनं जेवढं कन्हेरीला ओतलं, तेवढं आजींच्या पोटात गेलं असतं, तर आज मी इथं मरणोत्तर पंचनामा घेऊन उभी असते.”